बारगीर आणि शिलेदार : एक तुलनात्मक विचार

इ.स. १६२४ मध्ये आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील भातवडी येथे मलिक अंबरच्या निजामशाही सैन्याने मोगल व आदिलशाहीच्या संयुक्त फौजेचा पराभव केला. या लढाईत शहाजीराजांचे बंधू शरीफजी धारातीर्थी पडले. ज्या चपळ घोडदळावर दख्खनी युद्धपद्धती उभी होती, त्यातील स्वारांचे दोन प्रमुख वर्ग होते. बारगिरास घोडा व शस्त्रे सरकारातून मिळत; शिलेदार ती स्वतःची आणत असे. त्यामुळे शिलेदाराचे वेतन व प्रतिष्ठा अधिक असे. मात्र घोडा रणात मेला की त्याची उपजीविकाच धोक्यात येई. साहजिकच घोडा जपणे ही त्याची निकड ठरे. बारगीर या चिंतेपासून मुक्त, परंतु सर्वस्वी सरकारावर अवलंबून होता.

पुढे शिवाजी महाराजांनी पागेच्या बारगिरांवर भर दिला, दर २५ बारगिरांवर एक हवालदार नेमला आणि शिलेदारांनाही पागेच्या हुकमतीखाली ठेवले. सारांश, या दोन वर्गांतील मूलभूत भेद शौर्याचा नसून घोड्याच्या मालकीचा होता. युद्धातील नुकसान कोणी सोसावयाचे आणि सैन्यावर हुकमत कोणाची चालावयाची, हे त्या मालकीवरूनच ठरत असे.