देवांचा शेवट आणि सोन्याच्या सोंगट्या

देवही मरणार आहेत आणि कसे मरणार हे त्यांना आधीच ठाऊक आहे, अशी एक कथा हजार वर्षांपूर्वी नॉर्वे, आइसलंडच्या मुलखात सांगितली जात असे. तिचं नाव रॅग्नारॉक. देवांचं प्राक्तन, असा त्या शब्दाचा अर्थ.

आधी सलग तीन हिवाळे येतात. मधे उन्हाळाच नाही. भाऊ भावाच्या जिवावर उठतो. लांडगे सूर्य-चंद्र गिळतात. देवांचा राजा ओडिन हा फेनरिर नावाच्या महाकाय लांडग्याच्या पोटात जातो. थॉर समुद्रातल्या महासर्पाला ठार करतो, पण त्याच्या विषानं नऊ पावलं चालून स्वतःही कोसळतो. मग आग, मग पाणी. सगळं बुडाल्यावर पृथ्वी पुन्हा हिरवीगार होऊन वर येते आणि वाचलेल्या देवांना तिथं गवतात काय सापडावं? पूर्वी ज्यांनी खेळत असत त्या पटावरच्या सोन्याच्या सोंगट्या! एवढ्या धुमश्चक्रीत मला तरी या सोंगट्याच लक्षात राहिल्या.

पण ही कथा लिहून ठेवली कुणी? त्या देवांच्या भक्तांनी नव्हे. आइसलंडच्या लोकसभेनं इ. स. १००० च्या सुमारास ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यानंतर दोनशे वर्षांनी, १२२० च्या आसपास, स्नोरी स्टुर्लुसन या ख्रिस्ती सरदारानं 'एड्डा' हा ग्रंथ रचला. माणूस मोठा राजकारणी, कायद्याचा जाणकार. पण त्याची अडचण होती कवीची. जुने कवी सोन्याला 'सिफचे केस' म्हणत. सिफ ही थॉरची बायको. खोडकर लोकीनं तिचे केस कापले आणि भरपाई म्हणून त्याला सोन्याचे केस आणून द्यावे लागले. ही गोष्टच ठाऊक नसेल तर नव्या पोरांना ती कविता कळायची कशी? म्हणून स्नोरीनं सगळ्या गोष्टी लिहून काढल्या. ग्रंथाच्या आरंभीच सांगून टाकलं, की हे देव म्हणजे मुळात ट्रॉयहून आलेली माणसं. यात मला थोडी हुशारी दिसते.

मला त्याची अडचण समजते. कर्णाची कवचकुंडलं, भगीरथाची गंगा या गोष्टी माझ्या घरात सांगितल्या जात नव्हत्या. शाळेत, गावच्या कीर्तनात ऐकल्या नसत्या, तर माझी निम्मी मराठी मुकी राहिली असती.

स्नोरीला १२४१ साली, नॉर्वेच्या राजाच्या मर्जीखातर, त्याच्याच घराच्या तळघरात मारण्यात आलं. रॅग्नारॉकचं वर्णन करणारं जुनं काव्य ज्या तेराव्या शतकातल्या हस्तलिखितात आहे, ते १६४३ मध्ये ब्रिन्योल्फुर या आइसलंडच्या बिशपकडे आलं. पुढे १६६२ मध्ये त्यानं ते डेन्मार्कच्या राजाला भेट दिलं. एप्रिल १९७१ मध्ये डेन्मार्कनं ते परत केलं. ते घेऊन येणारं जहाज रेक्याविकच्या धक्क्याला लागलं, तेव्हा चामड्याच्या त्या पंचेचाळीस पानांच्या स्वागताला हजारो माणसं उभी होती.