रेटिकलमधला दिवा

आजचा धागा रायफलच्या दुर्बिणीत दिसणाऱ्या एका लाल ठिपक्याविषयी आहे. पण सुरुवात लासलगावच्या कांद्याच्या ट्रॉलीपासून करावी लागेल.

हंगामात रात्री बाजार समितीकडे निघालेली ट्रॅक्टरची रांग आठवा. ट्रॉलीच्या मागच्या फळीवर लाल-पिवळ्या चमकत्या पट्ट्या असतात. आपण त्यांना ‘रेडियम’ म्हणतो. त्यांत रेडियमचा कणही नसतो. मागून येणाऱ्या गाडीचा उजेड त्या केवळ परत फेकतात. तरीही शब्द टिकला, कारण एके काळी अंधारात चमकणारी वस्तू म्हणजे रेडियमच असे. घड्याळाचे काटे, विमानातील तबकड्या आणि बंदुकीची साइट यांवर तोच रंग लावलेला असे. त्या रंगाकडे पुढे येऊच.

आधी अडचण काय ती समजून घेऊ. स्कोपमध्ये नेम धरण्यासाठी काळ्या बारीक रेषांची फुली असते. तिला रेटिकल म्हणतात. भर दुपारी ती स्वच्छ दिसते. संध्याकाळ झाली, लक्ष्य झाडाच्या सावलीत गेले, की काळ्यावर काळे दिसेनासे होते. म्हणून आजच्या स्कोपमध्ये काचेवर कोरलेल्या रेषांवर कडेने एका सूक्ष्म एलईडीचा उजेड टाकतात. कोरलेली खाच तेवढी उजळते, बाकीची काच स्वच्छ राहते. विक्रेते ही सोय ‘आधुनिक’ म्हणून विकतात. प्रत्यक्षात ती सुमारे ३८० वर्षांची जुनी आहे, आणि तिचा जन्म रणांगणावर झालेला नाही.

इंग्लंडच्या यॉर्कशर परगण्यात विल्यम गॅस्कॉइन नावाचा एक तरुण आकाशनिरीक्षक होता. दुर्बिणीच्या नाभीजवळ धागा ताणला तर तो ताऱ्याइतकाच स्पष्ट दिसतो, हे त्याच्या ध्यानी आले; कोळ्याच्या जाळ्याचा एक तंतू नळीत शिरल्यामुळे हे सुचले, अशी हकीकत सांगतात. परंतु चंद्र नसलेल्या रात्री धागाच दिसेना. तेव्हा त्याने कंदिलात मेणबत्ती ठेवून तिचा बेताचा उजेड दुर्बिणीच्या भिंगात सोडला. १६४०-४१ च्या सुमारास त्याने एका गणितज्ञाला पत्राने हे कळवले. प्रकाशित रेटिकल ते हेच. पुढे यादवी युद्धात राजाच्या बाजूने लढताना २ जुलै १६४४ रोजी मार्स्टन मूरच्या लढाईत तो मारला गेला. शिवराय तेव्हा चौदा वर्षांचे होते.

‘बेताचा’ हा शब्द येथे मोलाचा आहे. उजेड कमी पडला तर धागा दिसत नाही. जास्त झाला तर ताराच बुडतो. आजही चांदमारीच्या मैदानावर असा स्कोप पारखताना हीच परीक्षा असते. दिवसा दिवा बंद ठेवून रायफल झिरो करावी, पाच गोळ्या झाडाव्यात; मग दिवा लावून पुन्हा पाच. दोन्ही पुंजक्यांचा मध्य एकच आला पाहिजे. रायफल टेकवून ठेवून डोके किंचित हलवावे. फुली लक्ष्यावरून सरकता कामा नये. खरी कसोटी मात्र दिवेलागणीची. उजेड अगदी मंद पायरीपासून वाढवत न्यावा. ठिपक्याभोवती प्रभा पसरून लक्ष्याचा मध्यच झाकला जात असेल, तर त्या स्कोपला कितीही पायऱ्या असोत, तो रात्रीच्या कामाचा नाही. आणखी एक गोष्ट बहुतेक जण विसरतात: पुढच्या बाजूने कोणाला तरी पाहायला सांगावे. दिव्याचा अंश पुढच्या भिंगातून बाहेर झिरपत असेल, तर नेम धरणाराच लक्ष्य होतो.

आता आपल्या पुण्याकडे वळू. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्या देणगीतून आणि मुंबई सरकारच्या साहाय्याने पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीमध्ये, १८८८ मध्ये वेधशाळा सुरू झाली. तिचे सर्वेसर्वा होते प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला. तेथील २० इंची दुर्बीण डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यातून आलेली. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी नायगमवाला सोलापूर मार्गावरील जेऊर येथे तळ ठोकून बसले होते. १९१२ मध्ये ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद पडली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. पुण्यातल्या पुण्यात हे नाव किती जणांना ठाऊक आहे, हा प्रश्न मला नेहमी टोचतो.

त्याच ग्रब घराण्यातील सर हॉवर्ड ग्रब यांनी १९०० मध्ये बंदुकीसाठी एका नव्या साइटचे पेटंट घेतले. यात फुली नळीत ताणलेली नसते. तिची प्रकाशमान प्रतिमा तिरप्या काचेवरून डोळ्याकडे परावर्तित होते, आणि ती ताऱ्याप्रमाणे अनंत अंतरावर असल्यासारखी भासते. त्यामुळे डोळा थोडा इकडेतिकडे झाला तरी खूण लक्ष्यावर स्थिर राहते. दूरच्या ताऱ्याची आणि निशाणाची गणिते एकच आहेत, हे दुर्बिणी घडवणाऱ्यालाच सुचावे यात नवल नाही. १९१८ पर्यंत ही कल्पना जर्मन लढाऊ विमानांत पोहोचली. दुसऱ्या महायुद्धात ती सर्वत्र रूढ झाली.

पायदळाला मात्र बॅटरीविना चालणारा उजेड हवा होता. पहिल्या महायुद्धात त्यासाठी रेडियमचा रंग आला, आणि त्याची किंमत भलत्यांनीच मोजली. अमेरिकेत तबकड्या रंगवणाऱ्या तरुण मुलींना कुंचल्याचे टोक ओठांनी टोकदार करायला शिकवले जाई. त्यांची जबड्याची हाडे कुजली; कित्येकी मरण पावल्या. न्यायासाठी झगडणाऱ्या पाच जणींच्या खटल्यात १९२८ मध्ये तडजोड झाली. रंगातील चमकणारे द्रव्य काही वर्षांत निकामी होते, रेडियम मात्र १६०० वर्षांत कुठे निम्मे होते. उजेड गेला तरी विष मागे उरते.

पुढे रेडियमची जागा ट्रिटियमने घेतली. काचेच्या बंद कुपीतील या वायूचे किरण काच ओलांडू शकत नाहीत. १९७० च्या दशकात ब्रिटिश सैन्याच्या रायफलींवर अशी ट्रिटियमने उजळणारी साइट होती. तिचा निम्मा तेज-काळ सुमारे १२.३ वर्षे, म्हणजे जुनी साइट विकत घेणाऱ्याच्या हाती बहुधा विझलेला दिवाच येतो.

आपल्या जिल्ह्यापुरते सांगायचे तर फाळणीनंतर काकूलचे तोफखाना विद्यालय देवळालीला आले. तोफेची साइटही रात्री आतून उजळावीच लागते, आणि ज्या खुंट्यांवर नेम धरायचा त्यांवरही दिवे लावावे लागतात. लासलगावहून रेल्वेने नाशिक रोड ओलांडले की पुढचे स्थानक देवळालीच.

ज्यांना वाटते की दिवा असला म्हणजे नेम लागला, त्यांनी स्वप्नील कुसाळे यांचे उदाहरण पाहावे. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचा हा नेमबाज नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात त्याने कांस्यपदक मिळवले. त्या प्रकारात दुर्बिणीची साइट चालतच नाही. डोळ्यापुढे असते ते एक बारीक छिद्र आणि नळीच्या टोकाशी एक कडे.