खासगी वाळूवरचा पाहुणा

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स आणि मेन या राज्यांत ओहोटीला उघडी पडणारी वाळूसुद्धा खासगी मालकीची असू शकते. याचं मूळ १६४० च्या दशकातल्या वसाहतीच्या फर्मानात सापडतं. लोकांनी पदरच्या पैशाने धक्के बांधावेत म्हणून किनाऱ्यालगतच्या जमीनमालकांना ओहोटीच्या रेषेपर्यंत हक्क देण्यात आला. मासेमारी, पक्ष्यांची शिकार आणि होड्यांची ये-जा एवढंच सर्वांना खुलं राहिलं. १९८९ मध्ये मूडी बीचच्या खटल्यात मेनच्या सर्वोच्च न्यायालयाने हेच धरलं: तिथे पोहणं, ऊन खात पडणं हा जनतेचा हक्क नव्हे.

पण मालकाने आपणहून येऊ दिलं आणि कुणी जायबंदी झालं तर? इंग्लंडहून आलेली जुनी रीत आधी विचारायची, माणूस आला कशाला? धंद्याच्या निमित्ताने बोलावलेला, नुसत्या परवानगीने आलेला, की घुसखोर? त्यावर मालकाची जबाबदारी ठरे. कोर्टकचेरी नको म्हणून फाटकाला कुलूप घालणंच मालकाला सोयीचं होतं.

हे कुलूप निघावं म्हणून १९५३ मध्ये मिशिगनने कायदा केला. पैसे न घेता मौजेसाठी जमीन वापरू देणाऱ्यावर साध्या हलगर्जीपणाचा दावा चालणार नाही, असं त्याने ठरवलं. १९६५ मध्ये राज्य सरकारांच्या परिषदेने असाच एक नमुना कायदा तयार केला. त्यातल्या ‘जमिनी’त पाणीही येत होतं आणि मौजेच्या यादीत शिकारीसोबत पोहणंही होतं. आज पन्नासही राज्यांत या धर्तीचे कायदे आहेत.

नमुन्यात अपवाद दोनच: मालकाने पैसे घेतले असतील, किंवा हेतुपुरस्सर अथवा दुष्टपणे धोक्याचा बंदोबस्त केला नसेल किंवा त्याची सूचना दिली नसेल. मला हा दुसरा अपवाद फार अरुंद वाटतो. मोडक्या धक्क्याचे खांब भरतीच्या पाण्याखाली दडलेले आहेत आणि मालकाला ते ठाऊक आहेत, असं समजा. वरून सूर मारणाऱ्याला ते दिसत नाहीत. एवढ्यावर मालकाचं मौन ‘हेतुपुरस्सर’ ठरेलच, याची खात्री नाही. फुकट येऊ देणं हा मोठेपणा खराच, पण तिथे एक पाटी लावण्याची सक्ती केली असती तर तेवढ्यासाठी मालकांनी फाटक बंद केलं असतं, असं मला वाटत नाही.

पैशांच्या अपवादावर भांडणं अजून चालूच आहेत. पार्किंगचे पैसे म्हणजे किनाऱ्यावर येण्याचे पैसे का, यावर वेगवेगळ्या राज्यांतल्या न्यायालयांनी वेगवेगळी उत्तरं दिली आहेत.