घरची पाच मते

इतिहास शिकविण्यात माझी एकतीस वर्षे गेली. पण मताधिकाराचा इतिहास मला खरा कळला तो निवृत्तीनंतर, आणि तोही फोनवर!

२०१२ च्या फेब्रुवारीत पुणे महानगरपालिकेची निवडणूक होती. आमच्या प्रभागातील एका उमेदवाराच्या प्रचारासाठी मी आपण होऊन नाव दिले. गुडघ्यांमुळे जिने चढणे मला शक्य नव्हते, म्हणून कार्यालयाने मला एक टेबल, एक फोन आणि मतदारयादीची काही पाने दिली. फोनवरून मत मागण्याची कल्पना काही नवी नव्हती. २००४ च्या लोकसभा निवडणुकीत पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा ध्वनिमुद्रित आवाज घरोघरच्या फोनवर ऐकू आला होता. पण त्या आवाजाला उत्तर देण्याची सोय नव्हती. आमचे काम त्याहून अवघड, कारण पलीकडचा माणूस बोलू शकत होता.

यादीबरोबर एक कागदही मिळाला होता. त्यावर एका घराला एकच ओळ: कुटुंबप्रमुखाचे नाव, फोन आणि शेवटी ‘एकूण मते’. घरच्या कर्त्या पुरुषाने फोन घ्यावा, “आमच्या घरची पाच मतं तुमचीच समजा,” असे ऐटीत सांगावे आणि मी मुकाट्याने पाचाचा आकडा मांडावा, असे दोन दिवस चालले.

तिसऱ्या दिवशी एका घरी फोन लावला, तो एका वृद्ध बाईंनी घेतला.

“हे देवळात गेलेत. मतांचं सगळं तेच बघतात. संध्याकाळी करा.”

बरे म्हणून मी फोन ठेवणार, इतक्यात माझी मलाच लाज वाटली. वर्गात मी आजवर काय शिकवीत आले होते?

१९२१ मध्ये मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळाने स्त्रियांचा मताधिकार मान्य केला. त्या चळवळीत आमच्या पुण्याच्या रमाबाई रानडे अग्रभागी होत्या. पण मालमत्तेची अट होती, आणि बाईच्या नावावर मालमत्ता असणार ती किती? १९३५ च्या कायद्याने दार आणखी थोडे उघडले, ते मात्र मोठ्या मासलेवाईक रीतीने. मालमत्तेमुळे मतदार ठरलेल्या पुरुषाची पत्नी, म्हणूनही बाईला मत मिळू लागले. मत तिचे, पण ते यायचे नवऱ्याच्या घरावरून नि जमिनीवरून! १९५० मध्ये राज्यघटनेने ही कुंपणे काढून टाकली. एकवीस वर्षे पुरी झालेला प्रत्येक नागरिक मतदार झाला. (ही वयोमर्यादा अठरावर आली ती १९८९ मध्ये.)

मग सतरा कोटींवर मतदारांची यादी करताना पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढे एक निराळाच पेच उभा राहिला. बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान अशा प्रांतांत पुष्कळ बायका परक्या माणसाला आपले नावच सांगेनात. ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ अशा नोंदी होऊ लागल्या. सेन यांनी बजावले की, स्वतःच्या नावावाचून नोंद नाही. अखेर सुमारे २८ लाख स्त्रिया यादीतून वगळल्या गेल्या. निर्णय कठोर खरा. पण त्यामागचा अर्थ मोठा होता. मत कुणाच्या बायकोला नव्हते, त्या बाईला होते.

आपल्याकडची तऱ्हा याच्या उलट. बाई स्वतःचे नाव सांगेल. नवऱ्याचे मात्र उखाण्यातच!

मी म्हटले, “आजी, मला त्यांचं नाही, तुमचं मत विचारायचं आहे.” आणि यादीतले त्यांचे संपूर्ण नाव वाचून दाखविले.

पलीकडे क्षणभर काही ऐकू येईना. मग त्या म्हणाल्या, “हे सासरचं नाव. माहेरचं निराळं होतं. पण हेसुद्धा असं पुरतं कुणी घेतल्याला किती वर्षं झाली!” मग आवाज एकदम खणखणीत झाला. “आमच्याकडे पाणी पहाटे साडेपाचला येतं नि सातला जातं. तुमच्या माणसाला ठाऊक आहे का हे?”

मला ठाऊक नव्हते. मी लिहून घेतले आणि हळूच विचारले, “मग आजी, तुमचं मत आम्हालाच ना?”

“अहो बाई, मत गुप्त असतं ना? पहिल्या निवडणुकीपासून देत आलेय मी. साठ वर्षांत यांना कधी सांगितलं नाही, ते तुम्हाला फोनवर सांगू होय?”

मला हसू आवरेना. त्या पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली वेगळी पेटी आडोशामागे ठेवलेली असे. एकवीस वर्षांची ही सून एकटीच त्या आडोशामागे गेली असेल. आणि बाहेर तिचे यजमान ‘आमच्या घरची सारी मते’ कुणाला तरी देऊन मोकळे झाले असतील!

दुसऱ्या दिवशी मी पट्टी घेऊन त्या कागदावर एका घराला जितकी माणसे तितक्या ओळी आखल्या. प्रचारप्रमुख चिडले. “बाई, अशाने यादी संपायची कधी?” ते खरेच होते, यादी संपली नाही आणि आमचा उमेदवारही पडला.

तो कागद अजून माझ्यापाशी आहे. आजींच्या नावापुढे ‘अनिश्चित’ अशी खूण आहे. आधीच्या दोन दिवसांचे ते ऐटदार पाच-पाचाचे आकडे मात्र मी नंतर खोडून टाकले.