टक्कल, मूत्राघात आणि एक गोळी

पेशवाईच्या पुण्यांत टक्कल पडलेला गृहस्थ ओळखूं येणें कठीण होतें. शेंडी व घेरा राखून बाकीचें डोकें न्हाव्याकडून गुळगुळीत करून घ्यावें आणि बाहेर पडतांना वर पागोटें चढवावें, ही रीत. ज्याचे केस निसर्गानें नेले तो आणि ज्याचे न्हाव्यानें नेले तो, दोघेही पागोट्याखालीं सारखेच! पुढें इंग्रजी शाळा आल्या, केस वाढवून भांग पाडण्याची हौस आली, पगडीची जागा टोपीनें घेतली आणि अखेर टोपीही खुंटीवर गेली. तेव्हां कोठें टक्कल हें दुःख होऊन बसलें. दुखणें जुनेंच, तें उघडें पडलें एवढेंच.

पुरुषांचें दुसरें एक दुखणें याच्या अगदीं उलट. त्याला पागोट्याचा आडोसा कधीं मिळाला नाहीं, तरी तें आजही झांकलेलेंच राहिलें आहे. साठी उलटली कीं रात्रीं तीन-तीन, चार-चार वेळां उठावें लागतें, लघवीची धार बारीक होते, आणि एखाद्या रात्रीं ती अजीबात अडून घरांत धांवपळ उडते. मूत्राशयाच्या तोंडाशीं अक्रोडाएवढी एक ग्रंथि असते. तिला प्रोस्टेट म्हणतात. मूत्रनलिका तिच्या मधूनच जाते. वयोमानानें ही ग्रंथि फुगूं लागली म्हणजे नलिका आवळली जाते. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत मूत्राघाताचे बारा प्रकार सांगितले आहेत; त्यांपैकीं वाताष्ठीला या प्रकारांत गुद आणि मूत्राशय यांच्यामध्यें दगडासारखी कठीण गांठ उत्पन्न होऊन मूत्र अडतें, असें वर्णन आहे. हें वर्णन आणि आजचा रोग यांची पूर्ण जुळणी आहे असें मी म्हणणार नाहीं; परंतु ज्यानें तें लिहिलें त्यानें अशा रोग्याच्या उशाशीं बसून तें लिहिलें असावें, एवढें मात्र खास.

आज मला बोलावयाचें आहे तें या दोन दुखण्यांना एकाच मुळाशीं गांठणाऱ्या औषधाविषयीं. त्याचें नांव फिनास्टेराइड. पुण्यांतील कोणत्याही औषधांच्या दुकानांत, डॉक्टरांची चिठ्ठी दाखविली असतां, ही गोळी मिळते. लक्ष्मी रस्त्यावरचा तिशींतला तरुण ती घेतो केसांसाठीं, आणि कोथरुडांतले सत्तरीचे आजोबा घेतात तीच गोळी, मोठ्या मात्रेंत, लघवीसाठीं. केस आणि मूत्र यांचा संबंध काय, असें कोणीही विचारील.

संबंध आहे तो पुरुषत्वाशीं, आणि त्याची पहिली चाहूल फार जुनी आहे. ग्रीक वैद्यांनीं खोजांना टक्कल पडत नाहीं अशी नोंद करून ठेवली होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फिलाडेल्फिया येथील शल्यवैद्य विल्यम व्हाइट यांनीं प्रोस्टेट वाढलेल्या वृद्धांचीं वृषणें काढून टाकण्याचा उपाय पुढें मांडला. त्यांचा निबंध १८९५ सालचा आहे. पुढें १९४२ मध्यें जेम्स हॅमिल्टन यांनीं कुमारवयांतच वृषणें गमावलेल्या पुरुषांची पाहणी केली. त्यांना टक्कल पडलें नव्हतें. त्यांना पुरुषी हार्मोन टोचून दिलें, तेव्हां ज्यांच्या घराण्यांत टक्कल होतें त्यांचे केस गळूं लागले. टोचणें थांबविलें तेव्हां गळणेंही थांबलें. अर्थात् उपाय सांपडला होता, परंतु तो घेणार कोण? केसांसाठीं पुरुषत्व देण्यास कोणी तयार होईल असें वाटत नाहीं. आणि लघवीसाठीं तें देण्याची पाळी आलेल्या वृद्धांची मला फार कींव येते.

सुटकेची वाट निघाली ती एका अगदीं अनपेक्षित ठिकाणीं. कॅरिबियन समुद्रांत डोमिनिकन प्रजासत्ताक नांवाचा देश आहे. त्याच्या नैर्ऋत्य भागांत सालिनास हें एक आडबाजूचें खेडें. तेथें कांहीं मुलें जन्मतांना मुलींसारखीं दिसत, मुली म्हणूनच वाढविलीं जात, आणि बाराव्या वर्षाच्या सुमारास त्यांचा आवाज फुटे, स्नायू भरत, आणि पाहतां पाहतां मुलीचा मुलगा होई. हा प्रकार गांवाच्या इतक्या परिचयाचा होता कीं त्यासाठीं बोलींत स्वतंत्र शब्दच रूढ झाला होता. ‘ग्वेवेदोसेस’ या त्या शब्दाचा रोख बारा वर्षांच्या वयाकडेच आहे. आपल्याकडे असें मूल जन्मलें असतें तर किती दारें बंद झालीं असतीं, किती नवस बोलले गेले असते! सालिनासमध्यें निदान त्याला एक नांव होतें.

अमेरिकेंतील कॉर्नेल विद्यापीठाच्या डॉ. ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिन्ली या संशोधक स्त्रीनें आपल्या सहकाऱ्यांसह या गांवांतील कुटुंबांचा अभ्यास केला आणि १९७४ मध्यें त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. पुरुषाच्या वृषणांतून टेस्टॉस्टेरोन हें हार्मोन स्रवतें, हें ठाऊक होतेंच. त्याचें शरीरांत डायहायड्रोटेस्टॉस्टेरोन या अधिक प्रखर द्रव्यांत रूपांतर होतें, हेंही १९६८ च्या सुमारास टेक्सासमधील संशोधकांनीं दाखविलें होतें. हें रूपांतर घडविणारें जें एन्झाइम, तेंच या मुलांत आनुवंशिक दोषामुळें कमी होतें. गर्भांत बाह्य पुरुषेंद्रिय घडविण्याचें काम त्या प्रखर द्रव्याचें. तें नाहीं म्हणून जन्मतः मुलगी दिसे. वयांत येतांना आवाज व स्नायू घडविण्यास साधें टेस्टॉस्टेरोन पुरे. म्हणून पुढें मुलगा होई.

परंतु खरी मौज पुढेंच आहे. हीं मुलें प्रौढ झालीं तेव्हां त्यांची प्रोस्टेट लहानच राहिली, आणि कपाळावरचे केस मागें हटले नाहींत. बाकी पुरुषत्व शाबूत! व्हाइट यांच्या सुरीला जें साधलें नव्हतें, तें निसर्गानें एका खेड्यांत करून ठेवलें होतें. मर्क या अमेरिकन औषधकंपनीच्या संशोधनाची धुरा १९७५ च्या सुमारास रॉय व्हॅजेलोस यांच्याकडे आली. त्यांच्या दृष्टीस हें काम पडलें. जो अभाव बालपणीं एवढी उलथापालथ घडवितो, तोच पन्नाशीनंतर गोळीनें घडवून आणला तर, असा तो विचार. त्यांतून फिनास्टेराइड निघालें. अमेरिकेंत १९९२ च्या जूनमध्यें पांच मिलिग्रॅमची गोळी प्रोस्टेटसाठीं मान्य झाली, आणि १९९७ च्या डिसेंबरमध्यें एक मिलिग्रॅमची टकलासाठीं. डबीवर सालिनासचें नांव कोठेंही नाहीं.

आतां ही गोळी आपल्या दुकानांत माफक किंमतीला कशी आली, ती हकीगत पुणेकरांना जवळची आहे. ब्रिटिश अमदानींतील १९११ च्या कायद्यान्वयें औषधी द्रव्यावरच पेटंट मिळे. तें विलायती कंपन्यांच्या हातीं असे, आणि औषधें महाग असत. इतकीं कीं, अमेरिकन सिनेटच्या केफॉव्हर समितीनें १९६० च्या सुमारास हिंदुस्थानांतील औषधांचे भाव जगांतील अत्युच्च भावांत गणले. न्यायमूर्ति राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालानंतर बरीच वर्षें काथ्याकूट होऊन १९७० चा पेटंट कायदा झाला व तो १९७२ च्या एप्रिलमध्यें अंमलांत आला. त्याचें मर्म एका वाक्यांत सांगतां येईल: औषधाच्या द्रव्यावर पेटंट नाहीं, तें तयार करण्याच्या रीतीवर, आणि तेंही अल्प मुदतीचें. दुसऱ्यानें निराळ्या रीतीनें तेंच द्रव्य बनविलें तर कायदा त्याच्या आड येणार नव्हता.

परंतु निराळी रीत कायद्यानें सांपडत नसते. ती रसायनशाळेंत सांपडते. पाषाणची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा पंडित नेहरूंच्या हस्तें ३ जानेवारी १९५० रोजीं उघडली गेली. के. वेंकटरामन हे तिचे पहिले हिंदी संचालक, त्यांच्यानंतर बा. द. टिळक आले. फिनास्टेराइड पाषाणला बनलें असें मला म्हणावयाचें नाहीं. पण या कायद्यानंतर प्रयोगशाळा आणि कारखाना यांनीं एकमेकांचा हात कसा धरला, याचें उदाहरण पाषाणलाच आहे. आपल्या परसांतील सदाफुली सर्वांना ठाऊक आहे. तिच्या पानांत अत्यल्प प्रमाणांत असणारीं विनब्लास्टिन व विनक्रिस्टिन हीं कर्करोगावरील औषधें वेगळीं काढण्याची रीत या प्रयोगशाळेनें मुंबईच्या सिप्ला कंपनीबरोबर बसविली, तीं १९८० नंतरचीं वर्षें. सिप्लाचे संस्थापक ख्वाजा अब्दुल हमीद यांनीं १९३५ सालीं कंपनी काढली. अशा तालमींत तयार झालेल्या रसायनज्ञांना फिनास्टेराइडची नवी रीत बसविणें अवघड गेलें नसावें. सिप्लाची ‘फिनकार’ व ‘फिनपेशिया’, हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीची ‘फायनास्ट’ व ‘फायनॅक्स’ या गोळ्या येथें विकल्या जात होत्या, तेव्हां अमेरिकेंत मर्कचें मूळ पेटंट अद्याप जिवंत होतें. तें २००६ सालीं संपलें. जागतिक व्यापार कराराप्रमाणें १ जानेवारी २००५ पासून आपल्याकडेही औषधी द्रव्यावर पेटंट मिळूं लागलें. फिनास्टेराइड आधींचें, म्हणून त्याच्या कचाट्यांतून सुटलें. त्यानंतरच्या औषधांचें नशीब तसें नाहीं.

स्वस्त झालेली वस्तु नीट वापरली जातेच असें नाहीं. ही गोळी रक्तांतील प्रखर हार्मोन सुमारें सत्तर टक्के कमी करते. प्रोस्टेट सुमारें पांचव्या हिश्शानें आक्रसते, पण त्याला सहा महिने किंवा अधिक लागतात. तीन हजारांवर वृद्धांना चार वर्षें औषध देऊन केलेल्या परीक्षेचा निकाल १९९८ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांत मूत्र अजीबात अडण्याचे आणि शस्त्रक्रियेचे प्रसंग निम्म्याहून अधिक घटले. हा लाभ लहान नाहीं. परंतु गोळी थांबविली कीं लाभही ओसरतो. केसांचेंही तेंच, वर्षभरांत ते पूर्वस्थितीवर येतात.

कांहीं पुरुषांची कामेच्छा मंदावते. क्वचित् तक्रार गोळी सोडल्यावरही टिकल्याचें नोंदलें गेलें आहे. मन खिन्न होण्याची भीति असते, आणि २०२५ मध्यें युरोपच्या औषध-नियंत्रकांनीं आत्महत्येचे विचार हा या गोळीचा दुष्परिणाम असल्याचें मान्य केलें. शिवाय प्रोस्टेटच्या कर्करोगासाठीं रक्ताची जी पी. एस. ए. चांचणी करतात, तिचा आंकडा ही गोळी जवळ जवळ निम्मा करते. गोळी चालू आहे हें डॉक्टरांना ठाऊक नसेल, तर वाईट आंकडा चांगला वाटून जातो. म्हणून केसांसाठीं चोरून गोळी घेणारा पन्नाशीचा गृहस्थ डॉक्टरांपासूनही ती लपवितो, तेव्हां तो स्वतःलाच फसवीत असतो. आणि आपल्याकडे तर या दोन्ही गोष्टी लपविण्याच्याच. सारसबागेंत सकाळीं फिरावयास येणारे वृद्ध एकमेकांना गुडघे सांगतात, साखर सांगतात, रक्तदाबाचे आंकडे तोंडपाठ म्हणून दाखवितात; रात्रीं कितीदां उठावें लागलें हें मात्र कोणी सांगत नाहीं.

काटकसरीची एक युक्ति मीं कांहीं घरांत पाहिली आहे. पांच मिलिग्रॅमची गोळी आणावयाची आणि केसांसाठीं तिचे चार तुकडे करावयाचे. तुकडे होतात स्वयंपाकघरांतल्या सुरीनें, ओट्यावर. अखंड गोळीवर लेप असतो, तिला हात लागला तर भय नाहीं. फुटलेल्या गोळीची पूड मात्र गरोदर स्त्रीच्या अंगाला लागूं नये, असें औषधाबरोबरच्या कागदावर स्पष्ट छापलेलें असतें. पोटांत मुलगा असेल, तर सालिनासच्या मुलांना जें जन्मतः आलें तें त्याच्या वांट्याला येऊं शकतें. तो कागद बारीक अक्षरांत असतो, आणि बहुतेक घरांत तो डबीबरोबर केराच्या टोपलींत जातो.