शेजाऱ्याला विचारलं का?

राजिवड्यातलं आमचं वडिलोपार्जित घर २०१२ साली आम्ही विकलं. भाट्याच्या खाडीपासून हाकेच्या अंतरावर जांभ्या चिऱ्याचं, मंगलोरी कौलांचं घर. पुढे ओटी, मागे पडवी, परसात तीन माड आणि एक विहीर. खाडी इतकी जवळ असूनही विहिरीचं पाणी गोडं. त्या विहिरीवर बाजूच्या घरातल्या खालांचा रहाटही आमच्याइतकाच फिरायचा. ही विहीर कुणाची, असा प्रश्न माझ्या लहानपणी कुणी विचारल्याचं मला आठवत नाही.

घर विकायचं ठरलं ते नाइलाजानं. आईवडील गेले, भाऊ कुवेतला, दोघी बहिणी आपापल्या घरी, मी नोकरीमुळे नाचण्याच्या बाजूला राहायला गेलेला. बंद घर कोकणातल्या चार पावसाळ्यांत खचतं. तेव्हा प्रश्न आला तो सगळ्यांनाच येतो. घर आपणच विकायचं, की एजंटला द्यायचं?

भाऊ फोनवर म्हणाला, “भाईजान, दोन टक्के दलाली कशाला घालवायची? तुमची सगळ्या रत्नागिरीत ओळख आहे.” मलाही ते पटलं. गडग्यावर ‘घर विकणे आहे’ अशी पाटी लावली, स्थानिक वर्तमानपत्रात छोटी जाहिरात दिली. वर्षभर माणसं येत राहिली. बरीचशी ओळखीचीच. चहा व्हायचा, अब्बांच्या आठवणी निघायच्या, आणि पैशाचा विषय आला की दोन्हीकडे अवघडलेपण. समोरचा घरच्या माणसाचा म्हणून निम्मा भाव सांगायचा. मला ‘नाही’ म्हणवत नव्हतं आणि ‘हो’ म्हणणं परवडत नव्हतं. दोन भल्या माणसांना एकमेकांच्या तोंडावर जे बोलता येत नाही, ते बोलण्यासाठी तिसरा माणूस लागतो, हे त्या वर्षात मला कळलं.

शेवटी एका एजंटकडे गेलो. त्याने घर पाहायच्या आधी कागद मागितले. सिटी सर्व्हेच्या मालमत्ता पत्रकावर अजून आमच्या आजोबांचंच नाव होतं. तो म्हणाला, “वारस नोंद झालेली नाही. तुमच्या आजोबांना मुली होत्या ना? त्यांची नावं कुठे आहेत?” माझ्या दोन फुफ्या. एक मुंब्र्याला, एक हर्णैला. शरीयतप्रमाणे बापाच्या मिळकतीत मुलीला मुलाच्या निम्मा वाटा असतो, हे मला पाठ होतं. पण घर विकायला काढताना त्यांना विचारायचं माझ्या मनातही आलं नव्हतं. ते आणलं एका परक्या माणसानं, ज्याला त्या व्यवहारातून फक्त दलाली मिळायची होती. सहा जणांच्या सह्या, कुवेतहून भावाचं मुखत्यारपत्र, वारस नोंद, यात आठ महिने गेले. फुफ्यांना त्यांचा वाटा मिळाला. आयुष्यात पहिल्यांदाच बापाच्या घराचं काहीतरी हातात आलं, असं हर्णैची फुफी म्हणाली.

मग एजंटनं मुंबईचं गिऱ्हाईक आणलं. खरेदीखताचा मसुदा होताना त्यानं आणखी एक प्रश्न विचारला. “शेजाऱ्यांचा काही हक्क आहे का? त्यांना विचारलं का?” मी म्हणालो, “कागदावर काही नाही.” ते खरंच होतं. एजंटनं मान डोलावली आणि व्यवहार पुरा झाला. पुढच्या उन्हाळ्यात नव्या मालकानं विहिरीभोवती भिंत घातली. कायद्यानं त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

त्या भिंतीनं मला वाचायला लावलं. मी इतिहासकार नाही, बी.ए. झालेला एक कविता लिहिणारा माणूस. पण घर विकण्याची रीत आपल्याकडे कशी बदलत गेली, हे शोधताना जे हाती लागलं ते मला सांगावंसं वाटतं.

आधी ‘दलाल’ हा शब्दच घ्या. आज तो शिवीसारखा वापरला जातो. मूळ अरबी ‘दल्लाल’ फारसीच्या वाटेनं मराठीत आला. ज्या धातूपासून तो झाला त्याचा अर्थ दाखवणं, वाट दाखवणं असा आहे. दलाल म्हणजे दाखवणारा. अरबीत दुसरा शब्द आहे ‘सिमसार’. शहरातल्या माणसानं खेड्यातून माल घेऊन आलेल्याच्या वतीनं विक्री करू नये, अशी एक हदीस आहे. तिचा अर्थ इब्न अब्बास यांनी असा लावला की, त्यानं त्याचा सिमसार होऊ नये. म्हणजे मध्यस्थाविषयीचा संशय तेव्हापासूनचा. पण पुढच्या पिढ्यांतल्या अनेक विद्वानांनी दलालाची मजुरी जायज मानली. वाट दाखवण्याचं काम खरं असेल, तर त्याचे पैसे घेण्यात गैर काय, असाच त्याचा अर्थ.

आपल्या कोकणाला तर मधल्या माणसाची धास्ती जुनीच. सरकार आणि कूळ यांच्यामध्ये उभा असलेला खोत आमच्या आजोबांच्या पिढीनं पाहिला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, आणि प्रत्यक्ष कायदा झाला १९४९ साली. नंतर हापूसची पेटी मुंबईला जाऊ लागली, तिथेही दलाल. त्यामुळे घर विकताना ‘मध्ये कुणी नको’ असं आमच्या तोंडून सहज निघतं.

पण मध्ये कुणी नव्हतं तेव्हा घर विकलं कसं जायचं? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तिसऱ्या अधिकरणात घर-जमिनीच्या विक्रीचं एक प्रकरण आहे. मिळकत विकत घेण्याचा पहिला मान नातलगांचा, मग शेजाऱ्यांचा, मग धनकोंचा. बाहेरचे त्यानंतर. विक्री गुपचूप करायची नाही. आजूबाजूच्या चाळीस कुटुंबांसमोर, त्याच घराच्या दारात, मिळकतीच्या हद्दी सांगून पुकारा करायचा. या किमतीला कोण घेतो, असं तीनदा विचारायचं. कुणी आड आलं नाही, तर विक्री पक्की. चढाओढीत किंमत वाढली, तर ती वाढ सरकारी खजिन्यात जायची. म्हणजे भाव फुगवून मालकाला लाभ नाही.

इस्लामी कायद्यात याच्याशी मिळतीजुळती गोष्ट आहे, तिचं नाव शुफा. आपण अग्रहक्क म्हणू. विकलेलं घर त्याच किमतीला स्वतः घेण्याचा हा हक्क तिघांना. पहिला मिळकतीतला भागीदार. दुसरा, ज्याची वाट किंवा पाणी त्या मिळकतीशी सामाईक आहे तो. तिसरा लगतचा शेजारी. ‘हिदाया’ या ग्रंथाचं चार्ल्स हॅमिल्टननं केलेलं इंग्रजी भाषांतर १७९१ साली छापलं गेलं आणि इंग्रजी अमदानीतल्या न्यायाधीशांना हा कायदा त्यातून कळला. त्यात अटी कडक आहेत. विक्रीची बातमी कानावर पडताच हक्क सांगायचा, मग साक्षीदारांसमोर पुन्हा सांगायचा. उशीर केला तर हक्क गेला. आणि महत्त्वाचं म्हणजे शेजारी म्हणून सवलत नाही. परका जी किंमत देतो, तीच मोजायची. विकणाऱ्याचं यात एका पैशाचं नुकसान नाही.

दुसऱ्या क्रमांकाचा तो वाक्यांश वाचताना मी थांबलो. ज्याचं पाणी सामाईक आहे तो. खालांचा रहाट माझ्या डोळ्यांसमोर आला.

ही रीत नुसती मुसलमानांपुरती राहिली नव्हती. उत्तर हिंदुस्थानात, गुजरातच्या काही शहरांत ती हिंदूंमध्येही रूढी म्हणून चालत होती. विकणारा मुसलमान, हक्क सांगणारा मुसलमान, पण घेणारा हिंदू असेल तर काय, हा प्रश्न १८८५ साली अलाहाबाद उच्च न्यायालयात आला. न्यायमूर्ती सय्यद महमूद यांनी त्यावर दिलेला निकाल आजही वकील उद्धृत करतात. शेजारी विकत घेणाऱ्याकडून घर पुन्हा विकत घेत नाही, तो त्याच व्यवहारात घेणाऱ्याच्या जागी उभा राहतो, असं त्यांनी मांडलं.

इथपर्यंत वाचून मला वाटलं होतं, जुनं ते सोनं. पण मग १९६२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचला. भाऊराम विरुद्ध बैजनाथ. त्यात न्यायालयानं सहहिस्सेदाराचा अग्रहक्क राखला, पण निव्वळ शेजारी आहे म्हणून मिळणारा हक्क घटनेविरुद्ध ठरवला. कारण परखड होतं. या हक्काचा खरा उपयोग वेगळ्या धर्माच्या, वंशाच्या, जातीच्या माणसाला मोहल्ल्यात येऊ न देण्यासाठी होत होता. स्वतंत्र भारतात हे चालणार नाही.

मी मुसलमान माणूस. माझ्या भाच्याला मुंबईत भाड्याची खोली शोधताना एजंट फोनवर आधी आडनाव विचारतो आणि मग ‘जागा गेली’ म्हणतो. तेव्हा परक्याला दारात अडवणाऱ्या रिवाजाची बाजू मी कशी घेऊ? चाळीस कुटुंबांसमोरचा पुकारा ऐकायला छान वाटतो, पण त्या चाळिसांत ज्याला जागा नव्हती त्याचं काय? १९६२ चा निकाल त्याच्या बाजूचा आहे, म्हणजे माझ्या भाच्याच्याही बाजूचा आहे.

मला वाटतं, घरांच्या व्यवहारात दलाल आला तो परक्या गिऱ्हाइकाबरोबर. नातलग आणि शेजारी यांच्यातच घर फिरत होतं तोवर त्याची गरज नव्हती. रत्नागिरीत १९७३ नंतर आखाती देशांतला पैसा येऊ लागला. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग सुरू झाला आणि मुंबई-पुण्याची माणसं इथे जागा बघू लागली. घेणारा विकणाऱ्याला ओळखेना, त्याचे कागदही ओळखेना. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानं शंभर रुपयांच्या वरच्या मिळकतीची विक्री नोंदवलेल्या दस्तानंच होते, आणि घेणाऱ्याला सहज दिसणार नाही असा दोष ठाऊक असेल तर विकणाऱ्यानं तो सांगायला हवा. दस्त, सूची क्रमांक दोन, रेडी रेकनर, मुद्रांक शुल्क या वाटेवर दाखवणारा लागतोच.

आता त्या दाखवणाऱ्यालाही नियम आहेत. १ मे २०१७ पासून महारेरा आलं, एजंटांना नोंदणी सक्तीची झाली, २०२३ पासून प्रशिक्षण आणि परीक्षाही आली. मात्र हे बंधन नोंदणी झालेल्या गृहप्रकल्पांतल्या विक्रीपुरतं. आमच्यासारख्या जुन्या कौलारू घराचा व्यवहार त्यात येत नाही. तिथे माणूस पारखूनच घ्यावा लागतो.

मग स्वतः विकावं की एजंटकडून? कुणी विचारलं तर मी सांगतो, कागद आणि भाव यांसाठी एजंट घ्या, दलाली आधी ठरवून लिहून घ्या, आणि ती देताना कुरकुरू नका. आमच्या फुफ्यांचा वाटा त्या दोन टक्क्यांतून निघाला. पण काही कामं एजंटला सांगता येत नाहीत. आमच्या एजंटनं प्रश्न बरोबर विचारला होता. त्याचं उत्तर द्यायला पलीकडच्या दारात मला जायचं होतं.

विहिरीबाबत कायदाही मी पाहिला. १८८२ च्याच सुविधाधिकार कायद्यानं वीस वर्षं उघडपणे, अखंड, हक्क म्हणून वापर असेल तर अधिकार मिळतो. ‘हक्क म्हणून’ हे शब्द त्यात मोलाचे आहेत. खालांनी पाणी आमच्या खुशीनं नेलं, हक्क म्हणून नाही. म्हणजे आमच्या चांगुलपणामुळेच त्यांचा अधिकार तयार झाला नाही. खरेदीखतात एक ओळ घातली असती, बाजूच्या घराला पाणी भरण्याची मुभा राहील म्हणून, तर गिऱ्हाईक बहुधा मोडलं नसतं. मोडलं असतं तर पाच-पन्नास हजार कमी आले असते.

भिंत झाल्यावर मी खालांना भेटायला गेलो. नगरपरिषदेच्या नळाखाली हंडा लावून त्या बसल्या होत्या. मी माफी मागू लागलो तर म्हणाल्या, “अरे, नळ आहे की. पाण्याचं काय एवढं!” मग थोडं थांबून म्हणाल्या, “घर मी घेऊ शकले नसते रे. पण एकदा विचारायचं होतंस.”

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)