बोंडलं, बाटली आणि आईची नोकरी

माझ्या सासूबाईंच्या पेटीत एक पितळी बोंडलं होतं. बाळाला दूध पाजायची, तोटी असलेली छोटी वाटी. मुलगी चार महिन्यांची असताना मी शाळेत परत रुजू झाले, तेव्हा त्यांनी ते घासून बाहेर काढलं. मी बी.एड. झालेली, मला हसू आलं. मी पौडच्या बाजारातून प्लास्टिकची बाटली आणली. महिनाभरात मुलीला जुलाब लागले. दुपारचं उरलेलं दूध बाटलीतच राहायचं आणि तेच तिला चार वाजता पाजलं जायचं. डॉक्टरांनी बुचाचा वास घ्यायला लावला, तेव्हा मला कळलं.

नातेवाईक म्हणाले, "नोकरी सोड." पण बाई कामाला गेली की बाळाचं काय, हा प्रश्न माझ्यापासून सुरू झालेला नाही. मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या बायका बाळ झोपून राहावं म्हणून त्याला अफूची 'बाळागोळी' देत. तो क्रूरपणा नव्हता, नाइलाज होता. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूतीच्या रजेचं आणि भत्त्याचं विधेयक आलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला आणि हा भार सरकारनेही उचलावा असं मांडलं. १९२९ साली कायदा झाला. पुढे १९६१ च्या केंद्रीय कायद्याने मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत आईला कामाच्या वेळेत दोनदा दूध पाजण्याची सवलत दिली. २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी रजा २६ आठवड्यांची झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर बंधनकारक झालं. शेतात किंवा घरकामाला जाणाऱ्या बाईपर्यंत मात्र यातलं फारसं काही पोचत नाही.

बाटलीचाही इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये लांब रबरी नळीची काचेची बाटली निघाली. बाळ एकटंच चोखत पडे आणि आईचे हात मोकळे राहत. पण ती नळी आतून धुताच येत नसे. किती बाळं दगावली, म्हणून लोक तिला 'खुनी बाटली' म्हणू लागले. फ्रान्सने १९१० साली तिच्यावर बंदी घातली. आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बाटल्या आणि बाळाच्या दुधाच्या पावडरीची जाहिरात बंद केली. बोंडल्याला ना नळी, ना बूच. आत बोट घालून धुता येतं. सासूबाईंचं शहाणपण तेवढंच होतं, आणि ते पुरेसं होतं.

आपल्या घरांत एक गोष्ट हमखास ऐकू येते, की कुरआनने दोन वर्षं दूध पाजायला सांगितलंय. खरं आहे. पण सूरह बकराहमधली तीच आयत पुढे म्हणते की आईच्या अन्नवस्त्राची जबाबदारी बापावर आहे, दूध सोडवायचं तर दोघांनी सल्लामसलतीने ठरवावं, आणि योग्य मोबदला देऊन दाईकडूनही पाजता येतं. रसूलुल्लाह स्वतः हलीमा सादिया यांच्या दुधावर वाढले. म्हणजे दूध पाजणं हे एकट्या आईवर टाकलेलं काम कधीच नव्हतं.

दुसऱ्या मुलाच्या वेळी आम्ही कामं वाटून घेतली. माझं काढलेलं दूध झाकून ठेवायचे, आणि सासूबाई ते वाटी-चमच्याने पाजायच्या. वाट्या-चमचे रात्री उकळून ठेवायचं काम मुलांच्या अब्बांचं. एकदाच चार संच उकळले की दिवसभर धावपळ नाही. कधी पावडरचं दूध लागलंच, तर उकळलेल्या पाण्यात, डब्यावरच्या मापानेच. पातळ करून पुरवायचं नाही. बाळाने उष्टं टाकलेलं दूध ओतून द्यायचं, कितीही जिवावर आलं तरी. बाटलीच वापरायची असेल तर रुंद तोंडाची घ्या, बूच उलटं करून ब्रशने घासा, आणि बाळाला मांडीवर घेऊनच पाजा.

त्या मुलाला एकदाही जुलाबासाठी दवाखान्यात न्यावं लागलं नाही. माझी नोकरीही राहिली.

पुढच्या वेळी एखादी सून कामावर निघाली की "बाळाचं काय?" हा प्रश्न तिला एकटीलाच विचारू नका. आधी तिच्या नवऱ्याला विचारा, भांडी कोण उकळणार आहे.